शेर कोणाचा, माप कोणाचे?

क्लाऊडवरील सॉफ्टवेअर परवान्यांचा हिशेब

विशेष प्रतिनिधी

एखाद्या गृहस्थाने शहरात खोली भाड्याने घ्यावी, खोलीचे भाडे दरमहा १,९२० रुपये ठरावे आणि त्या खोलीत मालकाने ठेवलेल्या कपाटाचे भाडे मात्र १६,८४० रुपये आकारले जावे, तर तो गृहस्थ कराराचा कागद तिथेच टाकून चालता होईल. माहिती तंत्रज्ञानाच्या जगात मात्र नेमका हाच व्यवहार तासागणिक घडतो आहे आणि मोठमोठ्या कंपन्यांचे वित्त अधिकारी त्याच्या बिलावर निमूटपणे सही करीत आहेत. ॲमेझॉनच्या क्लाऊड सेवेत एम५.एक्सलार्ज नावाचा एक मध्यम वकुबाचा सर्व्हर मिळतो. त्यात चार आभासी प्रोसेसर असतात आणि सोळा जीबी मेमरी. अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया केंद्राच्या दरपत्रकात लिनक्ससह या सर्व्हरचे भाडे ताशी १९.२ सेंट आहे. त्यावर विंडोज घेतले की ते ३७.६ सेंट होते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची ‘स्टँडर्ड’ श्रेणी घेतली तर ८५.६ सेंट आणि ‘एंटरप्रायझ’ श्रेणी घेतली तर १ डॉलर ८७.६ सेंट! म्हणजे ज्या लोखंडावर सारे चालते त्याचे भाडे एकोणीस सेंट आणि त्यावरच्या परवान्यांचे एकशे अडुसष्ट.

क्लाऊडवरील खर्च कमी करण्याविषयी गेली काही वर्षे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. परंतु त्यातील बहुतेक चर्चा त्या एकोणीस सेंटांभोवतीच फिरते. एका वर्षाचे बंधन स्वीकारा, आगाऊ पैसे भरा, म्हणजे भाड्यात चाळीस टक्के सवलत मिळेल, असे सल्ले दिले जातात. ते खोटे नाहीत. पण ही सवलत यंत्राच्या भाड्यावर असते, परवान्याच्या शुल्कावर नव्हे. वरच्या उदाहरणात यंत्राचे भाडे चाळीस टक्क्यांनी उतरले तरी एकूण बिल जेमतेम चार टक्क्यांनी कमी होते. उरलेल्या नव्वद टक्क्यांना कोणी हात लावत नाही, कारण त्यासाठी दरपत्रकाऐवजी करारपत्र वाचावे लागते आणि करारपत्र वाचणे हे काम सर्व्हर निवडणाऱ्या अभियंत्याचे आहे की कायदा विभागाचे, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नसते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे क्लाऊड केंद्रे उघडली. ॲमेझॉन २०१६ मध्ये आणि गुगल २०१७ मध्ये मुंबईत आले. यंत्रे आपल्या दाराशी आली, वीज आपली, जागा आपली. परंतु त्यावरील सॉफ्टवेअरच्या किमतीचे मूळ डॉलरमध्येच राहिले. २००८ च्या प्रारंभी डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. दरपत्रकातील आकडा न बदलताही रुपयातला भार सव्वादोनपट झाला. त्यात वस्तू व सेवा कराचे अठरा टक्के. उत्पादक कंपनीला त्याची वजावट मिळते, पण बँकांसाठी कायद्याने निम्म्या वजावटीचा पर्याय ठेवला आहे आणि तो स्वीकारणाऱ्या बँकेच्या गळ्यात नऊ टक्के कायमचे पडतात. डेटाबेसवाचून बँक चालत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मोजण्याची पद्धत

पूर्वी गावच्या बाजारात धान्य पायलीने मोजत, आणि भांडण पायलीच्या भावावरून होत नसे. ते होत असे शीग लावण्यावरून. माप काठोकाठ भरायचे की वर ढीग लावायचा, हे ज्याच्या हाती तोच खरा भाव ठरवीत असे. सॉफ्टवेअर परवान्याचेही तसेच आहे. पूर्वी परवाना माणशी असे किंवा प्रोसेसरमागे असे. प्रोसेसरच्या एकाच तुकड्यात दोन, चार, आठ ‘कोअर’ मावू लागल्यावर विक्रेत्यांनी कोअर मोजायला सुरुवात केली; मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरसाठी ही पद्धत २०१२ च्या आवृत्तीपासून आणली. क्लाऊडवर तर खरा कोअरही ग्राहकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो आभासी प्रोसेसर, आणि इंटेल प्रोसेसरच्या बहुतेक सर्व्हरवर असा एक आभासी प्रोसेसर म्हणजे खऱ्या कोअरचा अर्धा भाग असतो. हायपरथ्रेडिंग या तंत्रामुळे एक कोअर दोन असल्याचे भासवतो. कामाची क्षमता मात्र दुप्पट होत नाही. परवान्याचा मीटर पडतो तो या भासमान संख्येवर.

ओरॅकलचे उदाहरण घेऊ. तिच्या डेटाबेसच्या एंटरप्रायझ श्रेणीची छापील किंमत दर प्रोसेसर-परवान्यामागे ४७,५०० डॉलर आणि त्यावर दरसाल बावीस टक्के देखभाल शुल्क अशी आहे. (प्रत्यक्ष सौद्यात घसघशीत सवलती मिळतात, तरी सवलत मोजायची ती याच आकड्यावरून.) कंपनीच्या स्वतःच्या इमारतीत आठ कोअरचा इंटेल सर्व्हर असेल, तर ओरॅकलच्या गुणक-तक्त्यानुसार कोअरची संख्या अर्ध्याने गुणायची. चार परवाने लागतात, किंमत १ लाख ९० हजार डॉलर. तोच आठ कोअरचा सर्व्हर ॲमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडवर घेतला की त्याचे सोळा आभासी प्रोसेसर होतात. ओरॅकलने जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार तेथे दोन आभासी प्रोसेसरना एक परवाना लागतो आणि गुणक-तक्ता लागू होत नाही. परवाने आठ, किंमत ३ लाख ८० हजार डॉलर. यंत्र तेवढेच, काम तेवढेच. जागा बदलली एवढेच. आणि तीच यंत्रणा ओरॅकलच्या स्वतःच्या क्लाऊडवर नेली तर? तेथे एका परवान्यात चार आभासी प्रोसेसर बसतात. पुन्हा चारच परवाने.

या धोरणाच्या कागदावर एक तळटीप आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हा दस्तऐवज केवळ माहितीसाठी असून तो कोणत्याही कराराचा भाग नाही, असे विक्रेत्यानेच त्यात म्हटले आहे. म्हणजे ज्या नियमाने बिल दुप्पट होते तो नियम ग्राहकाने सही केलेल्या करारात असतोच असे नाही. ज्यांचे करार जुने आहेत त्यांनी ते कपाटातून काढून वाचावेत. त्यातील ‘प्रोसेसर’ या शब्दाची व्याख्या काय, आणि नंतरची धोरणे आपल्यावर बंधनकारक आहेत की नाहीत, याचे उत्तर संकेतस्थळावर नव्हे, त्या कागदात आहे. चॉकलेट बनविणाऱ्या मार्स कंपनीने २०१५ मध्ये ओरॅकलला कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात खेचले होते, ते याच स्वरूपाच्या वादातून. आभासी यंत्रणेत डेटाबेस ज्या सर्व्हरवर चालतो तेवढेच मोजायचे, की तो जेथे जेथे हलवला जाऊ शकतो ते सारे सर्व्हर मोजायचे, हा प्रश्न होता. परवान्यांच्या तपासणीसाठी मार्सने दोन लाखांहून अधिक पाने सादर केली होती. खटला निकालापर्यंत पोचला नाही. उभय पक्षांत तो मिटला, त्यामुळे प्रश्नाचे न्यायालयीन उत्तर मिळालेच नाही.

मायक्रोसॉफ्टने निराळी वाट धरली. १ ऑक्टोबर २०१९ पासून तिने ॲमेझॉन, गुगल, अलीबाबा आणि स्वतःची अझूर सेवा यांची एक यादी केली आणि त्या तारखेनंतर घेतलेले नुसते परवाने या यादीतील सेवांच्या राखीव सर्व्हरवर नेण्यास मनाई केली. यादीत स्वतःचे नाव घातल्याने समानतेचा देखावा झाला खरा, पण अझूरसाठी ‘हायब्रिड बेनिफिट’ नावाची सवलत वेगळी ठेवलेली होतीच. परिणामी विंडोज सर्व्हरचा आपला परवाना ॲमेझॉनवर न्यायचा असेल तर तो त्या तारखेपूर्वीचा आणि २०१९ पर्यंतच्या आवृत्तीचाच असावा लागतो. पुढे युरोपातून ओरड झाल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये नियम सैल झाले, मात्र ते या यादीबाहेरच्या सेवादारांपुरते. नाशिक, मुंबई, हैदराबाद येथील देशी डेटा सेंटर चालविणाऱ्यांना यातून एक संधी मिळाली. देखभाल-करार चालू असलेला ग्राहक आपले परवाने घेऊन त्यांच्याकडे जाऊ शकतो. ही बाब आपल्याकडील खरेदी विभागांच्या कितपत लक्षात आली आहे, कोण जाणे.

बिल कोठे फुगते?

आता बचतीकडे. सर्वांत मोठी गळती मेमरीपायी होते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. डेटाबेसची भूक प्रोसेसरपेक्षा मेमरीची अधिक. पण क्लाऊडवर मेमरी सुटी मिळत नाही, ती प्रोसेसरबरोबर ठरलेल्या प्रमाणात येते. एखाद्या डेटाबेसला १२८ जीबी मेमरी हवी म्हणून ॲमेझॉनच्या आर५ कुळातील सर्व्हर घेतला, की बरोबर सोळा आभासी प्रोसेसर गळ्यात पडतात. स्वतःचे परवाने वापरणाऱ्याला एसक्यूएल सर्व्हर एंटरप्रायझच्या २०२२ च्या आवृत्तीसाठी दर दोन कोअरना १५,१२३ डॉलर या छापील दराने त्या सोळांचे १,२०,९८४ डॉलर मोजावे लागतात. प्रोसेसर मात्र दिवसभर पेंगत असतात!

यावर दोन उतारे आहेत. ॲमेझॉनने २०१८ मध्ये सर्व्हर सुरू करतानाच हायपरथ्रेडिंग बंद करण्याची किंवा काही कोअर झाकून ठेवण्याची सोय दिली. अझूरवरही मेमरी तेवढीच ठेवून प्रोसेसर कमी केलेले सर्व्हर मिळतात. यंत्राचे भाडे त्याने घटत नाही. सोळाचे आठ केले की परवान्याची रक्कम मात्र ६०,४९२ डॉलरवर येते. दुसरा उतारा म्हणजे मेमरी अधिक व प्रोसेसर कमी अशा कुळातील सर्व्हर निवडणे. ॲमेझॉनच्या एक्स२आयईडीएन कुळात १२८ जीबी मेमरी चार आभासी प्रोसेसरबरोबर मिळते, आणि तेथे परवाना पडतो ३०,२४६ डॉलरना. अर्थात चार प्रोसेसरवर तो डेटाबेस महिनाअखेरच्या गर्दीत तग धरील की नाही, हे आधी मोजून पाहिले पाहिजे. पगाराच्या दिवशी यंत्रणा कोलमडली तर वाचवलेले सारे डॉलर एका दुपारीत भरून द्यावे लागतील. आणि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हायपरथ्रेडिंग बंद करण्याची युक्ती ओरॅकलपाशी चालत नाही. ती बंद असेल तर एक आभासी प्रोसेसर म्हणजे एक परवाना, असे त्यांचे धोरण सांगते. सोळाचे आठ झाले तरी परवाने आठच. एका विक्रेत्यासाठी शिकलेला हिशेब दुसऱ्याच्या दारी नेऊ नये.

त्यानंतर श्रेणीचा प्रश्न येतो. एंटरप्रायझ श्रेणी घेण्याचे कारण विचारले तर बहुधा ‘आधीपासून तीच आहे’ असे उत्तर मिळते. ते ‘आधी’ म्हणजे कधी? नोव्हेंबर २०१६ पर्यंत माहिती दाबून साठविणे, मोठ्या तक्त्यांचे विभाजन करणे अशा सोयी एसक्यूएल सर्व्हरच्या केवळ एंटरप्रायझ श्रेणीत होत्या. त्या महिन्यात आलेल्या २०१६ च्या पहिल्या सुधारणा-संचाने त्यांतील अनेक स्टँडर्ड श्रेणीत खुल्या केल्या. साठवलेला संपूर्ण डेटाबेस कूटबद्ध करण्याची सोय २०१९ च्या आवृत्तीत आली. ज्या कारणासाठी महाग श्रेणी घेतली ते कारणच नाहीसे झाले, पण बिलाला त्याचा पत्ता नाही. स्टँडर्डची मेमरी-मर्यादा २०२२ च्या आवृत्तीपर्यंत १२८ जीबी होती, २०२५ च्या आवृत्तीने ती २५६ जीबी केली. छापील दरात स्टँडर्डचा दोन कोअरचा परवाना ३,९४५ डॉलर, म्हणजे एंटरप्रायझच्या जवळपास चौथाई. ओरॅकलमध्ये तर ही तफावत डोळे दिपवणारी आहे. आठ आभासी प्रोसेसरच्या क्लाऊड सर्व्हरवर स्टँडर्ड एडिशन टू ३५,००० डॉलरला आणि एंटरप्रायझ १,९०,००० डॉलरला पडते. आठापेक्षा मोठ्या सर्व्हरवर मात्र ती स्वस्त श्रेणी चालत नाही. एंटरप्रायझमध्ये शिवाय एक छुपा खड्डा आहे. तिच्यातील निदानाची काही साधने मुळातच चालू स्थितीत येतात, मात्र त्यांचा परवाना वेगळा असतो. रात्री-अपरात्री यंत्रणा मंदावली म्हणून एखाद्या अभियंत्याने तो अहवाल काढला, की तो वापर नोंदला जातो आणि पुढे तपासनीसाला तो बरोबर सापडतो. तपासणीची पूर्वसूचना ओरॅकलच्या नेहमीच्या करारात पंचेचाळीस दिवसांची असते.

लहान सर्व्हरांचे वेगळेच. मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे एका आभासी यंत्राला किमान चार कोअरचे परवाने घ्यावेच लागतात. दोन आभासी प्रोसेसरचे पाच छोटे सर्व्हर, प्रत्येकावर एक छोटा डेटाबेस, अशी रचना नीटनेटकी दिसते; परवाने मात्र दहा कोअरचे नव्हे, वीस कोअरचे लागतात. तेच पाच डेटाबेस आठ प्रोसेसरच्या एका सर्व्हरवर नांदू शकले तर आठ कोअरचे पुरतात. एकत्र कुटुंबात एका चुलीवर भागते, तसाच हा प्रकार.

राखीव प्रतीबाबतही असेच घडते. मुख्य सर्व्हर बंद पडलाच तर हाताशी असावी म्हणून दुसरी प्रत ठेवतात. देखभाल-करार असलेल्या ग्राहकाला नोव्हेंबर २०१९ पासून अशी एक प्रत जवळ आणि एक दूरच्या केंद्रात विनापरवाना ठेवता येते. अट एकच, ती प्रत खरोखर स्वस्थ बसलेली असावी. ‘रिकामीच तर आहे’ म्हणून विक्री विभागाचे अहवाल तिच्यावरून काढले, की ती कामाला लागलेली प्रत ठरते आणि पूर्ण परवाना लागू होतो. अहवाल मागणाऱ्याला याची कल्पना नसते, देणाऱ्यालाही नसते.

चाचणीच्या सर्व्हरांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर श्रेणी २०१६ पासून मोफत आहे, तिच्यात एंटरप्रायझची सारी वैशिष्ट्ये आहेत आणि तरीही प्रतिमा नक्कल करताना चाचणीवरही सशुल्क श्रेणी चढते. निदान रात्री आणि सुटीच्या दिवशी ते सर्व्हर बंद ठेवावेत. प्रारंभी उल्लेखिलेला सर्व्हर एंटरप्रायझसह महिनाभर, म्हणजे ७२० तास, चालू राहिला तर १,३५१ डॉलर. बावीस दिवस बारा-बारा तास चालवला तर ४९५.

भाडे की मालकी, हा मध्यमवर्गीयांचा आवडता वाद येथेही आहे, आणि त्याचे उत्तर अपेक्षेपेक्षा निराळे निघते. चार आभासी प्रोसेसरवर एंटरप्रायझचे तासाचे शुल्क दीड डॉलर, वर्षभर अखंड चालवले तर १३,१४० डॉलर. तोच परवाना विकत घेतला तर ३०,२४६ डॉलर आणि क्लाऊडवर नेण्याचा हक्क टिकविण्यासाठी दरसाल सुमारे पंचवीस टक्के, म्हणजे ७,५६१ डॉलर. छापील दराने मालकी परवडायला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. स्टँडर्ड श्रेणीत साडेतीन वर्षे. अर्धवेळ चालणाऱ्या सर्व्हरसाठी तर भाडेच बरे. याउलट ज्यांच्याकडे जुने परवाने आधीच आहेत आणि देखभाल-करारही चालू आहे, त्यांनी क्लाऊडवर पुन्हा भाड्याचा परवाना घेणे म्हणजे घरात गहू असताना चक्कीवरून पीठ विकत आणण्यासारखे. स्थलांतराच्या घाईत हे सर्रास घडते. सर्व्हर निवडण्याच्या पडद्यावर ‘परवान्यासह’ हा पर्याय ठळक असतो. आपल्या कपाटातले परवाने त्या पडद्यावर दिसत नाहीत.

चौकीदाराचाही परवाना

मोजणीचा कळस जावाच्या बाबतीत झाला. ओरॅकलने जानेवारी २०२३ मध्ये जावाचे नवे वर्गणी-धोरण आणले. त्यात प्रोसेसर मोजायचे नाहीत, जावा वापरणारी माणसेही मोजायची नाहीत. कंपनीतील सारे कर्मचारी मोजायचे, अर्धवेळ, हंगामी आणि अंतर्गत कामासाठी असलेले कंत्राटी धरून. हजाराच्या आतील संख्येसाठी छापील दर माणशी दरमहा १५ डॉलर. एखाद्या कारखान्यात पाचशे माणसे असतील आणि त्यांपैकी एकाच सर्व्हरवर ओरॅकलची जावा असेल, तरी वर्षाला ९०,००० डॉलर! फाटकावरचा चौकीदारही त्यात आला. सुदैवाने येथे सुटका तुलनेने सोपी आहे. टेमुरिन, कोरेट्टो यांसारख्या मोफत वितरणांचा उगम त्याच मुक्त संकेतात आहे आणि बहुतेक प्रणाली त्यांवर विनातक्रार चालतात. कोणत्या सर्व्हरवर कोणती जावा बसली आहे, याची यादी करणे हेच खरे कष्टाचे काम.

डेटाबेस बदलणे हे मात्र जावा बदलण्यासारखे नाही. पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस विनापरवाना मिळतो, परिपक्व आहे, त्यावर काम करणारे अभियंते पुण्यातही मुबलक आहेत. बंगळुरूच्या झिरोधासारख्या दलालपेढीने त्यावर मोठी उलाढाल चालवून दाखवली आहे. तरीही वर्षानुवर्षे ओरॅकलच्या बोलीत लिहिलेल्या हजारो प्रक्रिया दुसऱ्या बोलीत आणणे हे भाषांतरापेक्षा पुनर्लेखनाचेच काम ठरते. खुद्द ॲमेझॉनचे उदाहरण यासाठी बोलके आहे. तिच्या ग्राहक-व्यवसायाने आपला शेवटचा ओरॅकल डेटाबेस बंद केल्याचे ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केले. सुमारे साडेसात हजार डेटाबेस, ७५ पेटाबाइट माहिती, शंभरावर चमू. आधीच भरघोस सवलत मिळत असूनही डेटाबेसचा खर्च साठ टक्क्यांनी घटला, असा तिचा दावा आहे. हा दावा करणारी कंपनी स्वतःच पर्यायी डेटाबेस विकते, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. ओरॅकलशी घट्ट बांधलेल्या काही बाहेरच्या प्रणाली तिलाही हलवता आल्या नाहीत, ही कबुली त्याच निवेदनात आहे. सामान्य कंपनीने सारे एकदम हलविण्याच्या फंदात पडू नये. नवी प्रणाली मुक्त डेटाबेसवर आणि जुनी जेथे आहे तेथे, हा मार्ग संथ असला तरी पोटाला झेपणारा आहे. एसक्यूएल सर्व्हरची बोली पोस्टग्रेसला समजावणारे बेबलफिश हे साधन २०२१ पासून उपलब्ध आहे. ते सारे काही जुळवते असे नाही.

आणि फुकट म्हणजे निर्धास्त, असेही समजू नये. सेंटओएस या मोफत लिनक्सवर जगभरच्या कंपन्यांनी भरवसा टाकला होता. त्याची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल, असे गृहीत होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केले, की ती २०२१ अखेर संपेल. रॉकी आणि अल्मा ही भावंडे लगोलग उभी राहिली म्हणून निभावले. रेडिसने मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला तेव्हा वॅल्की निघाले. आपल्या केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले आहे. निविदांमध्ये त्याचा विचार करणे आणि तो न केल्यास कारण नोंदवणे त्यात अपेक्षित आहे. ती कारणे कोणी वाचत असेल काय?

मापाचा वाद आता नियामकांपर्यंत गेला आहे. युरोपातील क्लाऊड सेवादारांच्या संघटनेने २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध तक्रार केली आणि जुलै २०२४ मध्ये ती तडजोडीने मागे घेतली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गुगलने युरोपीय आयोगाकडे धाव घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये, आयोगाने मोठ्या क्लाऊड सेवांची स्वतंत्र चौकशी सुरू केल्यावर, तिनेही तक्रार मागे घेतली. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने ३१ जुलै २०२५ च्या अंतिम निर्णयात मायक्रोसॉफ्टच्या परवाना-पद्धतीमुळे ॲमेझॉन व गुगल यांच्या स्पर्धाक्षमतेला बाध येतो, असा निष्कर्ष काढला आणि पुढील चौकशीची शिफारस केली. ग्राहकाचे बिल मात्र या निष्कर्षाने लगेच बदलत नाही.

दरम्यान एक तारीख आपल्याकडील अनेकांना लागू आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१६ च्या आवृत्तीचा विस्तारित आधार संपण्याचा दिवस १४ जुलै २०२६ असा ठरवला गेला. २०१२ व २०१४ च्या आवृत्त्यांचा आधार संपला तेव्हा सुरक्षेच्या दुरुस्त्या अझूरवर मोफत आणि इतरत्र सशुल्क, अशी योजना होती. घाबरलेल्या ग्राहकाचे पाय आपोआप कोणत्या दाराकडे वळतील, हे त्यात पाहिलेले होते. जुनी आवृत्ती सोडताना श्रेणी, प्रोसेसरची संख्या आणि जागा ही तिन्ही नव्याने निवडावी लागतात. त्या अर्जावर जुनेच आकडे उतरवले, तर ते पुढच्या करारापर्यंत तसेच चालू राहतात.